वेळेचा रोजमेळ

सध्या आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारे वाक्य कोणते, असे कुणी मला विचारले तर मी चटकन सांगेन, "वेळच मिळत नाही हो!" डॉक्टर हे वाक्य म्हणतात, वकील म्हणतात, बँकेतले कारकून म्हणतात, आमची सौ. म्हणते, आणि परवा आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनीही गृहपाठाच्या बाबतीत ते अगदी हुबेहूब माझ्या आवाजात म्हणून दाखवले. तेव्हा मात्र मी जरा चपापलो.

मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आठवड्याचे सोळा तास शिकवायचे, म्हणजे ह्या गृहस्थाला दुपारच्या झोपेखेरीज दुसरे काम ते काय, असे बाहेरच्या माणसाला वाटणे साहजिक आहे. पण हे सोळा तास म्हणजे नुसते ताटातले मीठ. बाकीचे ताट उत्तरपत्रिका, बैठका, स्नेहसंमेलन, प्रवेशसमिती, तक्ते, अहवाल आणि त्या अहवालांचे अहवाल यांनी भरलेले असते. एके काळी शिपाई कागद घेऊन दारात यायचा. त्याला निदान पाय होते, ते दुखायचे, त्यामुळे तो दिवसातून दोनदाच यायचा. आता तेच कागद मोबाईलवर येतात आणि त्यांना पाय नसल्यामुळे ते रात्री साडेअकरालाही येतात.

तर अशा दिवसांत, गेल्या वर्षीच्या श्रावणात, एक गोष्ट घडली.

माझी आई सांगलीला गावभागात राहते. वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याला ये म्हटले तर "कृष्णा सोडून कुठे येऊ?" म्हणते, कृष्णा साताऱ्याजवळही आहे, हे तिला पटत नाही. तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. तारीख महिनाभर आधी ठरली होती. मंगळवार. मी येणार, तिला दवाखान्यात नेणार, रात्री तिथेच राहणार, असे मी तिला एकदा नव्हे, चार वेळा सांगितले होते.

आणि नेमकी त्याच सुमारास आमच्याकडे मूल्यांकनाची समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. आमच्या विभागाच्या अहवालात सतरा तक्ते होते. सोमवारी संध्याकाळी त्यांतले पाच चुकीच्या नमुन्यात भरले गेल्याचे कळले. सगळेजण एकमेकांकडे बघू लागले आणि शेवटी सगळेजण माझ्याकडे बघू लागले. मी आईला फोन केला. "आई, उद्या दुपारपर्यंत पोचतो." मंगळवारी दुपारी केला, "संध्याकाळी निघतो." संध्याकाळी केलाच नाही. बुधवारी सकाळी मी गाडीत बसलो.

पुढे त्या समितीची तारीख महिनाभर लांबली, तक्त्यांचा नमुनाही बदलला. माझे पाच तक्ते अजून कपाटात आहेत. चांगले झाले आहेत, पण ते कुणी पाहिले नाहीत.

सातारचे स्टेशन गावापासून दूर, माहुलीकडे. मला एसटीपेक्षा रेल्वे बरी वाटते, कारण गाडीत उत्तरपत्रिका तपासता येतात. त्या दिवशीही गठ्ठा मांडीवर होता. पण कोरेगाव गेले, रहिमतपूर गेले, कऱ्हाड गेले, तरी पहिल्याच पत्रिकेचे पहिलेच पान उघडे. गुण देणार तरी कुणाला? मीच नापास झालो होतो.

घरी पोचलो तर आई काळा चष्मा लावून खाटेवर बसलेली. शेजारच्या मुलाने रजा काढून तिला रिक्षाने नेले होते, आणले होते, रात्री औषधाचे थेंबही त्यानेच घातले होते. पावले ऐकून तिने मान वळवली.

"आलास? जेवलास का रे?"

बस्स, एवढेच. रागावली असती तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसापुढे आपल्याला आपली बाजू तरी मांडता येते.

दुपारी तिने मला माळ्यावरून पितळी डबा काढायला सांगितले. डब्यामागे लाल कापडी बांधणीच्या वह्यांची चवड होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा खालचे सगळे गेले. माळ्यावर होत्या म्हणून ह्या वह्या राहिल्या. माझे वडील अण्णा हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होते. पेढीच्या वह्या पेढीवर राहत. ह्या आमच्या घरच्या. पण शिस्त तीच. रोज रात्री जेवणापूर्वी अण्णा रोजमेळ लिहीत. आलेले जमेला, गेलेले नावे, आणि खाली शिल्लक. मेळ बसल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. एकदा चार आण्यांचा फरक येत होता म्हणून आमटी तीन वेळा गरम करावी लागली होती, ही कथा आई अजूनही तितक्याच त्राग्याने सांगते. लक्ष्मीपूजनाला पाटावर नवी वही येई आणि जुनी माळ्यावर जाई. आता पेढ्यांवर संगणक आले, पण पूजेला वही लागतेच, हे सांगलीकर वाचकांना सांगायला नको.

त्या वह्या चाळताना मला एक संध्याकाळ आठवली. मी सातवी-आठवीत असेन. अण्णांचा डबा घेऊन मी पेढीवर गेलो होतो. ऐन हंगाम, हळदीची पोती, पिवळा धुरळा, हमालांची आरडाओरड. एक बडा व्यापारी आपला हिशेब आत्ताच्या आत्ता द्या म्हणून गादीसमोर उभा राहून गर्जत होता. दाराशी, चपलांजवळ, एक म्हातारा शेतकरी मुंडासे मांडीवर ठेवून गप्प बसला होता. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, व्यापाऱ्याला "बसा शेठ, चहा घ्या" म्हटले आणि म्हाताऱ्याची पट्टी करायला घेतली. पट्टी झाली, नोटा मोजल्या, म्हातारा नमस्कार करून गेला. मग शेठजींची वही उघडली. शेठजी भडकले होते, मालकांनाही ते फारसे रुचले नव्हते.

घरी येताना मी विचारले, "अण्णा, ते शेठ एवढे ओरडत होते, तरी तुम्ही त्यांना मागे का ठेवलंत?"

अण्णा म्हणाले, "त्यांची मोटार दारात उभी होती. त्या म्हाताऱ्याची शेवटची एसटी सहाला सुटणार होती. अरे, तगादा वेगळा आणि देणं वेगळं."

ही गोष्ट मी तीस-बत्तीस वर्षे विसरलो होतो. आणि आता माळ्याच्या शिडीवर उभा राहून मला कळत होते, की माझे सगळे बिघडले आहे ते इथेच. मी आयुष्यभर तगाद्याप्रमाणे पैसे देत आलो. जो मोठ्याने ओरडला त्याची पट्टी आधी. दाराशी गप्प बसलेल्या माणसाची एसटी कधी सुटून गेली, पत्ता नाही.

हा विचार जगात अण्णांनीच पहिल्यांदा केला असा माझा दावा नाही. १९५४ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी इव्हॅन्स्टन येथे केलेल्या एका भाषणात, एका माजी कॉलेजप्रमुखाचा हवाला देऊन, असे सांगितले होते की आपल्यापुढचे प्रश्न दोन जातींचे असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे. तातडीचे ते महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे ते तातडीचे नसतात. पुढे त्यावरून चार चौकोनांचा एक तक्ता निघाला आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत तो आजही फळ्यावर काढतात. चौकोन ठीक आहेत. पण अण्णांचा म्हातारा त्यांत नीट बसत नाही. त्याचे काम महत्त्वाचे होते आणि तातडीचेही होते. फक्त त्याला आवाज नव्हता. माझ्या आईच्या डोळ्याचेही तसेच. मला वाटते, खरी पंचाईत ह्या बिनआवाजाच्या कामांची आहे.

परतताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली तेव्हा हाच विचार डोक्यात होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ही वसाहत वसवली. पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते असा त्या वेळच्या शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! त्या काळात नांगर आण म्हणून लक्ष्मणरावांच्या दाराशी एकही माणूस ओरडत उभा नव्हता. तगादा असलाच तर तो बाकीच्या सगळ्या गोष्टींचा असणार. तरी त्यांनी नांगराचे खाते बंद केले नाही. आज त्या स्टेशनाला त्यांचे नाव आहे. माझ्या पाच तक्त्यांना कुणाचे नाव मिळेल असे वाटत नाही.

साताऱ्याला आल्यावर मी एक शंभर पानी वही आणली आणि आठ दिवस स्वतःच्या वेळेचा रोजमेळ लिहिला. वाचकहो, हा प्रयोग आपण करावा असे मी सुचवतो खरा, पण मन घट्ट करून करावा. मोबाईलवर असले मोजमाप आपोआप होते म्हणतात. पण स्वतःच्या हाताने "लेबले चिकटवणे, दोन तास दहा मिनिटे" असे लिहिताना जी लाज वाटते ती यंत्राला वाटत नाही. आमच्या विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक सूचना येते, तिला नऊजण "नोंद घेतली" म्हणतात, त्याला कुणीतरी "धन्यवाद" म्हणतो, आणि त्या धन्यवादाला पुन्हा हात जोडलेली चित्रे येतात. ती सगळी मी उघडून पाहत होतो. आठ दिवसांत फोन आणि निरोप यांवर तेरा तास. उत्तरपत्रिका नऊ तास. वर्गात शिकवायचे त्याची तयारी दोन तास वीस मिनिटे. तीही बहुधा पोरांना कळली असावी. चिरंजीवांचा अभ्यास चाळीस मिनिटे. आईशी बोलणे बावीस मिनिटे.

आठवड्याचे कामाचे तास मोजले तर अठ्ठावन्न भरले. ते पाहून आमच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब दीडशेच्या वर निघाला. डॉक्टर म्हणाले, "प्राध्यापकांना कसला आलाय ताण?" आणि मग माझी वही पाहून गंभीर झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, पस्तीस-चाळीस तासवाल्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी अधिक आढळला होता. तेव्हा विषय नुसता चिडचिडीचा नाही.

पण तास कमी कसे व्हायचे? इथे मला १९५५ सालच्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या. त्या वर्षी नोव्हेंबरात नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या एका इंग्रज इतिहासकाराने एका साप्ताहिकात गमतीचा लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे, की काम हे त्याला दिलेल्या वेळाएवढे फुगते. त्याने उदाहरण दिले एका रिकामटेकड्या आजीबाईंचे. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायला त्यांना आख्खा दिवस लागतो: कार्ड शोधणे, चष्मा शोधणे, पत्ता शोधणे, आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही ह्याचा विचार. हसू नका. माझ्या लेबलांचे दोन तास दहा मिनिटे ही दुसरी छत्रीच होती.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत गेले. ग. दि. माडगूळकर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, औंधला शिकलेले. दर आठवड्याला एक नवे गीत लिहायचे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची, आणि शुक्रवारी सकाळी ते महाराष्ट्राने ऐकायचे. वर्षभर. मध्ये अधिक महिना आला, म्हणून गीते ५६ झाली. पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून हरवला, माडगूळकर संतापले, आणि मग बसून त्यांनी ते पुन्हा लिहून दिले, अशी कथा सांगतात. प्रतिभेची गोष्ट आपण सोडून देऊ. ती उसनी मिळत नाही. पण शुक्रवार उसना घेता येतो. शुक्रवार पुढे सरकत नव्हता, हे त्या कामाचे मोठे भाग्य. गीत फुगायला जागाच नव्हती.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. उत्तरपत्रिकांना रोज सकाळी साडेसहा ते आठ एवढाच वेळ ठरवला, त्या वेळात होतील तेवढ्या तपासायच्या, आठ वाजता गठ्ठा बांधायचा. आश्चर्य म्हणजे पूर्वी दिवसभर चिवडून होत तेवढ्याच झाल्या. आणि ज्या कामाला आवाज नाही त्याला मीच एक शुक्रवार नेमून दिला. वर्गाच्या तयारीला मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ. निरोप दिवसातून तीनदाच पाहायचे. पहिल्या आठवड्यात एक सहकारी रागावले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीही तसेच सुरू केले. अर्थात मला न सांगता.

ह्या उत्साहात मी वही सौ.ला दाखवली. ती शाळेत शिक्षिका आहे. तिने शांतपणे पाने उलटली आणि विचारले, "सकाळी साडेसहा ते आठ उत्तरपत्रिका. त्या वेळात चहा, डबे, मुलाची आंघोळ हे कुणाच्या खात्यावर टाकलंत?"

मी गप्प. रोजमेळात नावे पडले की कुठेतरी जमा व्हावेच लागते, हा अण्णांचा पहिला धडा. आणि माझी सगळी बचत तिच्या खात्यातून आलेली. २०१९ सालच्या सरकारी वेळ-पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ९७, असे दिसले होते. माझी सत्त्याण्णवदेखील भरत नव्हती. वेळेच्या नियोजनावरची बहुतेक पुस्तके पुरुषांनी का लिहिली असावीत, ह्याचा मला तेव्हा थोडा उलगडा झाला. आता डबे मी भरतो. पहिले काही दिवस चिरंजीवांनी डबा अर्धा परत आणला, तो भाग सोडून देतो. उत्तरपत्रिका संध्याकाळी गेल्या.

आणखी एक सवय मात्र टिकली. रात्री जेवणापूर्वी पाच मिनिटे वही उघडायची आणि राहिलेली कामे उद्याच्या पानावर ओढायची. नुसते नाव नव्हे, तर ते कधी आणि कुठे करणार हेही लिहायचे. पूर्वी अंथरुणावर पडलो की अपुरी कामे डासांसारखी कानाशी येत. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली असे दाखवून दिले, की अपुरे काम पुरे करावे लागत नाही. ते कसे करायचे एवढे नीट ठरवले तरी मनाचा पिच्छा सोडते. अण्णांना हे कुणी सांगितले नव्हते. शिल्लक पुढे ओढली की ते पाट मांडायला सांगत आणि आमच्याशी गप्पा मारीत जेवत. पेढीवर लाखांचे येणे अडकलेले असले, तरी.

एक कठीण धडा अजून चालू आहे, तो म्हणजे काम दुसऱ्याला देण्याचा. आपल्यावाचून होणार नाही, ही समजूत सोडवत नाही. गाडी रहिमतपूरवरून जाते तेव्हा मला तिथून जवळच असलेल्या औंधच्या पंतांची आठवण होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार, चित्रे, कीर्तने, संग्रहालय, इतके सगळे करणारा हा राजा. आणि १९३९ साली त्याने राज्यघटना देऊन सत्ताच गावांच्या पंचायतींकडे सोपवली. मला एवढेसे स्नेहसंमेलन विभागातल्या तरुण बाईंकडे सोपवताना दोन रात्री झोप आली नाही. संमेलन झकास झाले. माझ्यापेक्षा बरे झाले, हे त्यांना अजून सांगायचे आहे. वहीत ओढून ठेवले आहे.

ह्या वर्षी फाल्गुनात आईच्या उजव्या डोळ्याची तारीख ठरली. पुन्हा मंगळवार. आणि योग पाहा, त्याच मंगळवारी अकराला प्राचार्यांनी बैठक लावली. मी आदल्या आठवड्यातच त्यांच्या खोलीत गेलो.

"सर, मी मंगळवारी नाही. आईचं ऑपरेशन आहे. तक्ते शनिवारी आपल्याकडे देतो."

मला वाटले होते, आकाश कोसळेल. प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिले. "अहो, मग जा ना. माझीही आई..." एवढे बोलून ते थांबले आणि समोरचा कागद उगाच सरळ करू लागले. मी बाहेर आलो.

सोमवारीच सांगलीला गेलो. मंगळवारी आईला दवाखान्यात नेले, बाहेरच्या बाकावर बसलो, फोन शेजारच्या मुलाकडे देऊन टाकला. बाकावर सव्वा तास बसलो. इतक्या वर्षांत मी कुठे सव्वा तास काही न करता बसल्याचे मला आठवत नाही. रात्री थेंब मी घातले. पहिला थेंब गालावर पडला तेव्हा ती म्हणाली, "शेजारचा पोरगा बरा घालत होता."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आईचे दोन्ही डोळे स्वच्छ झाले होते. मी माळ्यावरची एक वही काढून तिच्या हातात दिली. तिने ती खिडकीपाशी नेली, एक पान बराच वेळ पाहिले, दुसरे पाहिले. मला वाटले, आता डोळे पुसेल.

"इतकी वर्षं तुझे अण्णा अक्षराची प्रौढी मिरवायचे," ती म्हणाली, "पण हा पाच आहे की सहा, सांग बघू."